मायेची ऊब आणि मजुरीचा हिशोब

मागच्या हिवाळ्यात एका प्रदर्शनात आमच्या वस्तीतल्या बायकांच्या गोधड्यांचा गाळा लावला होता. दुपारी एक बाई आल्या. जुन्या इरकली साड्यांची एक गोधडी त्यांनी उलगडली, गालाला लावली, ‘अगदी आजीची आठवण आली हो’ म्हणाल्या. मग ती उलटी करून बघितली. सरळ रेषेतल्या टिपा दिसल्या, आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘अय्या, मशीनची आहे होय!’ म्हणून त्यांनी गोधडी खाली ठेवली. ती शिवणाऱ्या मावशी माझ्या शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. गोधडीची घडी पुन्हा नीट घातली आणि मला हळूच म्हणाल्या, “ताई, मशीन काय आपोआप चालतं व्हय?”

मैत्रिणींनो, हा लेख त्या एका प्रश्नावर आहे. घरी बसून मशीनवर गोधड्या शिवणाऱ्या बाईच्या कामाकडे आपण, म्हणजे गिऱ्हाईक, व्यापारी, सरकार आणि आमच्यासारख्या संस्थाही, ज्या नजरेनं बघतो, ती नजर तिची मजुरी खाते. हे मी दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. त्यात माझाही वाटा आहे, तो पुढे सांगतेच.

मशीन आपोआप चालतं का?

आधी काम नक्की काय आहे ते पाहू. कारण ज्यांनी ते केलेलं नाही, त्यांच्याच हाती बहुतेक वेळा त्याचा दर ठरवणं असतं.

एका माणसाच्या अंगावर नीट पुरेल अशी गोधडी पाच फूट बाय सात फुटांची धरा. तिला पाच-सहा जुन्या साड्या लागतात. गठ्ठा घरी आला की आधी प्रत्येक साडीचा फॉल उसवायचा, विरलेला भाग कापून काढायचा, काठ वेगळे करायचे, इस्त्री फिरवायची. मग सगळी जमीन मोकळी करून थर अंथरायचे. दहा बाय दहाच्या खोलीत हे करायचं तर पोरं शाळेत आणि नवरा कामावर गेल्यावरच, नाहीतर सगळे झोपायच्या आधी घाईघाईनं. थर हलू नयेत म्हणून वीतभर अंतरावर कच्चे टाके घालायचे. हे वाकून, उकिडवं बसून करायचं काम. कच्चे टाके कंटाळून कमी घातले तर टीप मारताना वरचा थर पुढे सरकतो, खालचा मागे राहतो, आणि कापडाला चुण्या पडतात.

त्यानंतर मशीन. टीप मधून सुरू करायची आणि कडेकडे जायचं, म्हणजे झोळ बाहेर सरकत जातो. साध्या घरगुती मशीनच्या मानेखाली वीतभरच जागा असते. तेवढ्यातून निम्मी गोधडी गुंडाळी करून सरकवायची, आणि उरलेली निम्मी डाव्या खांद्यावर किंवा शेजारच्या खुर्चीवर तोलून धरायची. जाड सुई घालायची, टाका मोठा ठेवायचा, दाबाचा स्क्रू सैल करायचा. साड्यांचे काठ एकावर एक आले की तिथे सुई मोडते. उन्हाळ्यात पत्र्याखाली मांडीवर पाच साड्यांचं ओझं घेऊन हे करायचं असतं, तेही पंखा बंद ठेवून, कारण पंख्यानं थर उडतात.

आता साधं गणित मांडू. दोन-दोन इंचांवर उभ्या-आडव्या टिपा मारून चौकटी पाडल्या, तर उभ्या टिपांची लांबी सुमारे २१० फूट होते आणि आडव्यांचीही तेवढीच. कडेच्या गोटाला दोनदा टीप धरली तर आणखी ४८ फूट. एकूण ४६८ फूट, म्हणजे जवळजवळ १४२ मीटर शिवण. टाका चार मिलिमीटरचा धरला तर एका गोधडीत पस्तीस हजारांवर टाके बसतात. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा मिळून शिवणीच्या अडीच-तीनपट दोरा लागतो, म्हणजे साडेतीनशे-चारशे मीटर. हा दोरा बहुतेक वेळा बाईच्या खर्चातला.

आणि टिपा संपल्या म्हणजे गोधडी झाली असं नाही. चारी कडा सारख्या कापायच्या, गोट लावायचा, कोपरे दुमडून पक्के करायचे, कच्चे टाके एकेक करून काढायचे, दोन्ही बाजूंचे लोंबते धागे कापायचे, सुटलेली टीप पुन्हा मारायची, झटकून घडी घालायची. व्यापाऱ्यांच्या भाषेत याला ‘फिनिशिंग’ म्हणतात, आणि दर ठरवताना ते जमेतच धरत नाहीत. ‘ते काय, हातासरशी होतं.’ स्वयंपाकाआधीची निवडाटिपण आणि जेवणानंतरची भांडी जशी ‘स्वयंपाक’ या शब्दात कुणी मोजत नाही, तसंच हे.

दीड तास की साडेदहा तास?

आता माझा वाटा सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या गटाला एका व्यापाऱ्याकडून चाळीस गोधड्यांचं काम मिळालं. बोलणी करायला मी गेले होते. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी हाती, वस्तीतला अनुभव गाठीशी, आणि काम मिळाल्याचा आनंद मनात. व्यापाऱ्यानं कागदावर आकडेमोड करून दाखवली. मशीन मिनिटाला चारशे टाके घालतं, म्हणजे गोधडी दीड तासात होते, त्याला अडीचशे रुपये पुष्कळ झाले. भागाकार बरोबर होता. मी मान हलवली. संस्थेच्या अहवालात ‘चौदा महिलांना घरबसल्या रोजगार’ असं वाक्यही मीच लिहिलं.

पंधरा दिवसांनी मावशी म्हणाल्या, “ताई, एक दिवस येऊन बसा की माझ्याजवळ.” गेले. मग घड्याळ आणि वही घेऊन तीन दिवस बसले. फॉल उसवणं, कापणं, इस्त्री यांना दीड तास. अंथरणं आणि कच्चे टाके, दोन तास. टिपा, साडेचार तास. गोट आणि कोपरे, दीड तास. धागे, तपासणी, घडी यांना एक तास. एकूण साडेदहा तास, तेही तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी. कारण मध्ये पाणी येत होतं, पोरगं शाळेतून येत होतं, सासूला औषध द्यायचं होतं. अडीचशेतून दोरा, दोन सुया, वीज आणि तेल वजा जाता हातात उरले दोनशे दहा. म्हणजे तासाला वीस रुपये. तेवढ्यात आज पुण्यात दोन कप चहासुद्धा मिळत नाही.

व्यापाऱ्यानं मशीनचा वेग मोजला होता. काम मात्र माणसाच्या वेगानं होतं. टीप संपली की गोधडी वळवावी लागते, गुंडाळी पुन्हा घालावी लागते, बॉबिन भरावी लागते, पाठ सरळ करावी लागते. त्याच्या दीड तासात बाईची पाठ कुठेच नव्हती. आणि मी ‘शिकलेली’ असून तो हिशोब मुकाट्यानं मान्य केला, कारण मीही मनातून समजत होते की मशीन म्हणजे सोपं काम.

पुढचं आणखी वाईट आहे. चाळिसातल्या पाच गोधड्या त्यानं ‘टीप वाकडी’ म्हणून नापास केल्या. त्यांची मजुरी दिली नाही. गोधड्याही परत दिल्या नाहीत. नंतर त्याच्याच दुकानात त्या कमी किमतीला विकल्या गेल्या, हे आमच्या एका मैत्रिणीनं डोळ्यांनी पाहिलं. काम फुकट जायला बाईची चूक पुरेशी होती, पण तीच चूक विकून पैसे करायला त्याला कुणाची हरकत नव्हती.

‘मायेची ऊब’ कुणाच्या अंगावर?

प्रदर्शनातल्या बाईंकडे परत येऊ. त्यांच्यासारखं अनेकांना वाटतं की हातानं धावदोरा घालून शिवलेली गोधडी किंवा वाकळ हीच खरी, आणि मशीनची म्हणजे नक्कल. हातशिलाईला मी कमी लेखत नाही. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांची कवंदी, आपल्याकडची वाकळ, ही सगळी बायकांच्या हातची मोठी कला आहे. पण आजीनं वाकळ शिवली ती कलेचा वारसा जपावा म्हणून नव्हे. घरात पांघरुणं पुरत नव्हती आणि नवीन विकत घ्यायला पैसे नव्हते, म्हणून. दुपारी शेतातून आल्यावर, बाळंतपणात, पावसाळ्यात काम नसताना, ती शिवत राहिली. त्या श्रमाला कुणी मजुरी दिली नाही, म्हणून त्याला ‘माया’ हे नाव पडलं.

आणि आज तीच ‘माया’ दुकानात किमतीच्या चिठ्ठीवर छापली जाते. हातशिलाई असेल तर ‘मायेची ऊब’ म्हणून भाव वाढतो, पण शिवणारीच्या हातात त्यातलं फार थोडं येतं. मशीनची असेल तर ‘त्यात काय, मशीनचीच तर आहे’ म्हणून भाव पडतो, आणि तो शिवणारीच्याच मजुरीतून कापला जातो. हातानं शिवलं तर प्रेम, मशीननं शिवलं तर सोपं. दोन्हीकडून श्रम गायब!

मशीन घरात आलं म्हणून बाईचे तास कमी झाले असंही नाही. पूर्वी एका गोधडीला महिना-दोन महिने लागायचे, आता तीन दिवस लागतात. पण वाचलेले दिवस तिच्याकडे राहिले नाहीत. त्या दिवसांत आणखी दहा गोधड्या आल्या. यंत्रानं काम सोपं होतं की नुसतं जास्त होतं, हे यंत्र ठरवत नाही. दर कोण ठरवतं, त्यावर ते ठरतं.

‘घरबसल्या’ आणि ‘फावल्या वेळात’

या दोन शब्दांइतकं नुकसान क्वचितच कुठल्या शब्दांनी केलं असेल. बाई घरी असते म्हणजे ती बसलेली असते, आणि तिच्याकडे फावला वेळ असतो, असं ते गृहीत धरतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार घरातली बिनमोबदल्याची कामं करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे स्त्रीचे जवळजवळ पाच तास रोज आधीच गेलेले असतात. गोधडीचे साडेदहा तास येतात ते तिच्या झोपेतून, दुखण्याकडे केलेल्या दुर्लक्षातून, आणि पुष्कळदा शाळेतून येऊन धागे कापत बसणाऱ्या मुलीच्या अभ्यासातून. त्या मुलीची मजुरी कुठल्याच कागदावर नसते.

‘घरी’ या शब्दाचा फायदा कुणाला होतो तेही बघा. कारखान्यात मालकाला जागेचं भाडं, वीज, यंत्र, दुरुस्ती, संडास-पाणी यांचा खर्च येतो. बाईच्या घरी हे सगळं तिच्यावर. मशीन तिनं हप्त्यावर घेतलेलं. काम नसेल त्या महिन्यात व्यापाऱ्याचं काहीच बिघडत नाही. तिचा हप्ता मात्र थांबत नाही. इतकं करून तिला सांगायचं की ‘बाई, तू तर स्वतःची मालकीण आहेस, उद्योजिका आहेस’! कापड त्याचं, माप त्याचं, दर त्याचा, मुदत त्याची, पास-नापास त्याचं. मग ही मालकी नेमकी कशाची?

हा वाद नवा नाही. शिंप्याच्या दुकानात नगावर काम करणारे कारागीर नोकर की स्वतंत्र धंदेवाले, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. १९७३ च्या निकालात न्यायालयानं त्यांना कामगार ठरवलं. झालेलं काम नापास करण्याचा हक्क मालकाकडे असणं ही नियंत्रणाची खूण मानली, आणि काही जण काम घरी नेतात एवढ्यानं हे नातं तुटत नाही असंही म्हटलं. ते कारागीर मुख्यतः दुकानात बसत होते, हा फरक मला मान्य आहे. पण ज्याच्या हाती ‘नापास’चा शिक्का आहे त्यानं ‘माझा तिचा काही संबंध नाही’ म्हणायचं, हे न्यायाच्या कुठल्या तराजूत बसतं?

अहमदाबादच्या बायकांनी काय केलं

गोधडीच्या कामातून संघटना उभी राहूच शकत नाही, असं मला अनेकांनी ऐकवलंय. त्यांना मी अहमदाबादची गोष्ट सांगते. तिथल्या दरियापूर भागातल्या मुसलमान बायका गिरण्यांतून आलेल्या चिंध्या जोडून रजयांच्या खोळी शिवत. चिंधी व्यापाऱ्याची, मशीन बाईचं, दर व्यापारी म्हणेल तो. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्या ‘सेवा’कडे गेल्या. ‘सेवा’ १९७२ साली इला भट्ट यांच्या पुढाकारानं तिथेच स्थापन झालेली, असंघटित कष्टकरी बायकांची कामगार संघटना. बायकांनी एकत्र येऊन दर वाढवून मागितला, तो मिळालाही. मग पुढाकार घेणाऱ्या बायकांचं काम व्यापाऱ्यांनी बंद केलं. तेव्हा संघटनेनं स्वतः चिंधी विकत घेऊन उत्पादन सुरू केलं, आणि त्यातून ‘सबीना’ ही त्यांची सहकारी संस्था उभी राहिली.

आपण काय शिकायचं? नुसतं मशीन वाटून भागत नाही आणि नुसती दराची मागणी करूनही भागत नाही. मागणी केली की काम बंद होणार, हे धरून चालायचं आणि त्या दिवसाची तयारी आधी करायची. आमच्या चौदा जणी चौदा घरांत वेगवेगळ्या होत्या. पाच गोधड्या नापास झाल्या तेव्हा उरलेल्या नऊ जणींना ते दोन महिन्यांनी कळलं.

कायद्यात नाव आहे, दर नाही

इला भट्ट यांच्याच अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगानं १९८८ मध्ये ‘श्रमशक्ती’ अहवाल दिला आणि घरी बसून उत्पादन करणाऱ्या बाईचं काम देशापुढे मांडलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९९६ मध्ये घरकामगारांसाठी, म्हणजे मोबदल्यासाठी स्वतःच्या घरी उत्पादन करणाऱ्यांसाठी, १७७ क्रमांकाचा करार मंजूर केला. या कामगारांना इतर कामगारांच्या बरोबरीनं वागवा, हा त्याचा गाभा. भारतानं त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

आपल्याकडे १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यानं घरी विड्या वळणाऱ्या बाईला कामगार मानलं. त्यामुळे आमच्या सोलापूरच्या विडी कामगार बायका भविष्य निर्वाह निधीसाठी भांडू शकल्या. गोधडीवालीला असं काहीच नव्हतं. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात आणि नंतर २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत तिची व्याख्या आली. व्याख्या चांगली आहे. साहित्य आणि यंत्र मालकानं दिलेलं असो वा नसो, मोबदल्यासाठी त्याच्याकरता घरी उत्पादन करणारी ती घरकामगार. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ही संहिता लागूही झाली. पण ती योजनांची भाषा बोलते, दराची नाही. नगावरच्या कामाचे किमान दर ठरवायची सोय १९४८ च्या किमान वेतन कायद्यात होती, २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण घरात बसलेल्या बाईपर्यंत ती आणायची तर तिचा व्यापाऱ्याशी असलेला संबंध सिद्ध करावा लागतो. आणि तिच्याकडे साधी चिठ्ठीसुद्धा नसते.

मग करायचं काय?

आम्ही गटात बसून काही गोष्टी ठरवल्या. पहिलं, दर नगावर नव्हे, तासांवरून काढायचा. तीन जणींनी तीन गोधड्या घड्याळ लावून शिवायच्या, सरासरी काढायची, आणि त्या तासांना सरकारनं अकुशल कामाला ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी दर घ्यायचा नाही. आमच्या मते हे काम अकुशल मुळीच नाही, पण निदान पायरी तरी तीच असू द्या. दुसरं, टिपांचं अंतर चिठ्ठीवर लिहून घ्यायचं. दोन इंचांऐवजी एक इंच मागितलं तर चौकटीच्या टिपांची शिवण दुप्पट होते, मग दर तोच कसा? तिसरं, फिनिशिंग वेगळं मोजायचं. चौथं, दोरा आणि सुया व्यापाऱ्याच्या. पाचवं, नापास केलेला माल त्याच दिवशी परत, आणि ठेवून घेतला तर मजुरी पूर्ण. सहावं, एकीनं एकटीनं बोलायचं नाही, निदान तिघींनी जायचं.

‘असं केलंत तर काम कारखान्यात जाईल’, अशी भीती आम्हाला लगेच घातली गेली. भीती अगदीच खोटी नाही. नव्या कापडाच्या रजया अनेक सुयांच्या मोठ्या यंत्रावर झपाट्यानं होतात, आणि तिथे आमचा निभाव लागणार नाही. पण त्या यंत्राला एकसारखं नवं कापड ताग्यानं लागतं. कुणाच्या आईच्या पाच वेगवेगळ्या साड्या, एक विरलेली, एक जाड काठाची, एक आखूड, त्याला चालत नाहीत. ते काम बाईच करू शकते. मग त्याची किंमतही तिनंच का सांगू नये?

नव्या दरानं दोन व्यापाऱ्यांनी काम नाकारलं. एकानं कुरकुरत दिलं. काही गिऱ्हाइकं थेट वस्तीत येऊ लागली. चौघी जणी गट सोडून जुन्या दरावर परत गेल्या, कारण घरात त्या आठवड्याला पैसे हवे होते. त्यांना मी दोष देत नाही. त्या आठवड्याच्या तजविजीसाठी गटात निधी नव्हता, ही आमची चूक. आता दर गोधडीमागे वीस रुपये बाजूला ठेवतो.

आणि तुम्ही, ज्या हा अंक वाचता आहात? घरातल्या जुन्या साड्या शिवायला द्याल तेव्हा ‘किती घेणार?’ याबरोबर ‘किती तास लागतात?’ हेही विचारा. घासाघीस करण्याआधी १४२ मीटर आठवा. बचत गटांचं काम करणाऱ्या मैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे. अहवालात ‘इतक्या महिलांना रोजगार’ लिहिताना शेजारी ‘तासाला इतके रुपये’ हा रकानाही घाला. तो लिहायला लाज वाटली, तर त्याला रोजगार म्हणायचं की नाही, याचा विचार करा.

यंदा प्रदर्शनात पुन्हा गाळा लावला. या वेळी प्रत्येक गोधडीला एक चिठ्ठी होती. साड्या किती, शिवण किती मीटर, तास किती, मजुरी किती. एका गृहस्थांनी ती वाचून विचारलं, “हे कशाला लिहिलंय?” मी उत्तर देणार तेवढ्यात मावशीच पुढे झाल्या. “साहेब, कापडाचा भाव तुम्हाला ठावं हाय. माझ्या येळेचा भाव ठावं नव्हता, म्हणून लिवलाय.”